वाचकांचे प्रश्न : धान्य, डॉलर आणि रणगाडे

मागील अंकात शीतयुद्धाच्या काळातील अमेरिकी मदतीविषयी लिहिताना मी एक विधान केले होते, की साम्यवादाचा प्रसार रोखण्याच्या कामी अमेरिकेच्या डॉलरने आणि गव्हाने जे साधले, ते तिच्या फौजांना साधले नाही. या एका वाक्यावर सोलापूर शहरातून आणि बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट या तालुक्यांतून बरीच पत्रे आली. काहींना ते पटले, काहींना एकांगी वाटले. सगळी पत्रे पुन्हा वाचल्यावर मला मान्य करावे लागते की ते वाक्य अपुरे होते आणि त्यात जे राहून गेले तेच महत्त्वाचे होते. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे प्रथेप्रमाणे दिलेली नाहीत.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी, सोलापूर : मार्शल योजनेमुळे पश्चिम युरोप साम्यवादापासून वाचला, असे आम्ही पाठ करतो. पण त्याच सुमारास नाटो ही लष्करी आघाडीही स्थापन झाली होती. मग श्रेय कोणाचे? आणि पैसा व फौज यांचे योग्य प्रमाण काय असावे, याला काही उत्तर आहे का, सर?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण त्याचे उत्तर लहान आहे. अमुक टक्के पैसा आणि अमुक टक्के फौज असे प्रमाण कोणालाही सापडलेले नाही आणि ते सापडेल असे मला वाटत नाही. परीक्षेत असा प्रश्न आलाच, तर प्रमाणाऐवजी क्रमाविषयी आणि जागेविषयी लिहावे : आधी काय आले, मागून काय आले, आणि फौज नेमकी कोठे उभी होती.

क्रम असा आहे. फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटनने अमेरिकेला कळवले, की ग्रीस आणि तुर्कस्तान यांचा भार यापुढे आपल्याला पेलवणार नाही. १२ मार्च रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी अमेरिकी काँग्रेसपुढे ४० कोटी डॉलरची मागणी ठेवली; त्यातील ३० कोटी ग्रीससाठी आणि १० कोटी तुर्कस्तानसाठी होते. ग्रीसमध्ये यादवी चालू असल्यामुळे या रकमेत शस्त्रास्त्रांचा वाटा मोठा होता. ५ जूनला परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी हार्वर्ड विद्यापीठातील भाषणात युरोपच्या पुनर्बांधणीची कल्पना मांडली, एप्रिल १९४८ मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढील सुमारे चार वर्षांत १६ देशांना साधारण १,३०० कोटी डॉलर मिळाले. नाटोचा करार ४ एप्रिल १९४९ चा, म्हणजे पैशानंतर वर्षभराने झालेला. आणि त्या कराराला संयुक्त फौज व सेनापती मिळाले ते कोरियाचे युद्ध पेटल्यानंतर. मार्शल हे स्वतः दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेचे लष्करप्रमुख होते. ज्याने लाखोंच्या फौजा हलवल्या, त्याने उद्ध्वस्त युरोपकडे पाहून आधी भाकरीचा आणि कोळशाचा विचार केला, याचे मोल मला फार वाटते.

तो विचार बरोबर का ठरला, हे सोलापूरकरांना फार समजावून सांगावे लागू नये. फ्रान्स आणि इटलीतील कम्युनिस्ट पक्ष त्या वेळी मतपेटीतून वाढत होते, आणि कामगार लाल बावट्याखाली कशासाठी जातो हे आपल्या शहराने पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम मास्तरांना येथील मतदारांनी तीनदा विधानसभेत पाठवले. मांडीवर सूप घेऊन दिवसाकाठी हजार विड्या वळणारी बाई मोर्च्याला जाते, ती मॉस्कोच्या ओढीने जात नाही. हजारी विडीचा दर वाढावा आणि डोक्यावर स्वतःचे छप्पर असावे म्हणून जाते. कुंभारीच्या माळावर २००६ मध्ये विडी कामगारांची दहा हजार घरे उभी राहिली, ती याच चिकाटीतून. १९४७ च्या त्या कडक हिवाळ्यात मिलान किंवा मार्से येथील कामगारही अशाच कारणांनी लाल मताकडे वळत होता. त्याच्या दारात रणगाडा उभा करून त्याचे मत फिरले नसते, उलट घट्ट झाले असते. कोळसा, पीठ आणि यंत्रांचे सुटे भाग पोहोचले, कारखान्याचा भोंगा पुन्हा वाजू लागला, आणि कम्युनिस्ट पक्षाला मत देणे हा त्याच्यासाठी पोटाचा एकमेव मार्ग उरला नाही.

योजनेतील एक व्यवस्था मी आपल्याला मुद्दाम सांगतो, कारण ती पाठ्यपुस्तकांत सहसा एका ओळीत उरकली जाते. समजा, एखाद्या फ्रेंच शेतकऱ्याला अमेरिकी ट्रॅक्टर हवा आहे. अमेरिकी सरकार त्या ट्रॅक्टरची किंमत डॉलरमध्ये अमेरिकी कारखान्याला देत असे. शेतकरी मात्र ट्रॅक्टर फुकट नेत नसे, तो आपल्या सरकारकडे फ्रँकमध्ये पैसे भरत असे. हे फ्रँक एका वेगळ्या खात्यात जमा होत आणि त्यातून वीज, रेल्वे, खाणी यांची कामे निघत. एकच रुपया दोनदा राबावा तशी ही योजना होती. शिवाय कोणाला काय लागते याचा अंदाज त्या १६ देशांनी एकत्र बसून मांडायचा होता. घेणारा मिंधा झाला नाही, याचे कारण या दोन गोष्टींत आहे.

आता फौजेविषयी. २४ जून १९४८ पासून सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते आणि रेल्वेमार्ग तोडले, तेव्हा अमेरिका व ब्रिटन यांच्या वायुदलांनी जवळजवळ वर्षभर विमानांतून कोळसा, पीठ आणि दुधाची भुकटी शहरात उतरवली; अडीच लाखांहून अधिक फेऱ्या झाल्या. ते लष्करी सामर्थ्यच होते, पण ते लोकांच्या चुलीपर्यंत कोळसा नेत होते. आणि २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाची फौज दक्षिणेत घुसली, तेव्हा तिला पीठ किंवा ट्रॅक्टर अडवू शकले नसते. तेथे सैन्यच लागले, आणि ते गेले नसते तर दक्षिण कोरिया नावाचा देश आज नकाशावर नसता. मागील अंकातील माझ्या वाक्यात हे आले नव्हते. सरहद्द ओलांडून आलेल्या फौजेला फौजच थोपवते. घरातल्या भुकेला आणि अन्यायाला ती थोपवू शकत नाही. पश्चिम युरोपात फौज कुंपणाशी उभी राहिली आणि शेत ज्याचे त्याने कसले. आपण विचारलेल्या श्रेयाची वाटणी मी अशी करीन.

एक शेतकरी, माजी सैनिक, मंगळवेढा : व्हिएतनाममध्ये अमेरिकेने पैसाही ओतला आणि सैन्यही ओतले. आपण म्हणता तसे कुंपणही होते आणि खतपाणीही होते. मग तेथे घोडे पेंड कोठे खात होते?

उत्तर : साहेब, आपण शेतकरी आहात म्हणून जमिनीपासून सुरुवात करतो.

वुल्फ लाडेजिन्स्की नावाचे एक गृहस्थ होते. जन्म युक्रेनमधला, रशियन क्रांतीनंतर ते अमेरिकेत आले आणि तेथील कृषी खात्यात लागले. त्यांचे सांगणे सोपे होते : आशियातील कुळाला जमीन मिळाली नाही, तर तो ती देऊ करणाऱ्या कम्युनिस्टाच्या मागे जाईल, म्हणून आपणच आधी त्याला ती मिळवून द्यावी. महायुद्धानंतर जपानमध्ये अमेरिकी अंमलाखाली कुळांना जमिनी मिळाल्या, त्या कामात ते होते. तैवानमध्ये १९४९ साली खंडाला, म्हणजे कुळाने मालकाला द्यायच्या वाट्याला, पिकाच्या साडेसदतीस टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली आणि १९५३ मध्ये कसणाऱ्याला जमीन देणारा कायदा झाला. तेथे मध्यम प्रतीची भातजमीन मालकाला साधारण तीन हेक्टरपर्यंतच ठेवता येत होती. दक्षिण कोरियातही जमीनवाटप झाले. या तिन्ही ठिकाणी पुढे ग्रामीण भागात साम्यवादी बंड मूळ धरू शकले नाही.

आता व्हिएतनाम पाहा. १९५६ मध्ये दक्षिण व्हिएतनामच्या न्गो दिन्ह दिएम यांच्या सरकारने जमीन सुधारणेचा हुकूम काढला, त्यात मालकाला १०० हेक्टर ठेवण्याची मुभा होती. लाडेजिन्स्की तेथेही सल्लागार म्हणून गेले होते, पण त्यांचे चालले नाही. फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील व्हिएत मिन्हने ज्या गावांत कुळांना जमिनी दिल्या होत्या, त्या गावांत आता सरकारी शिपायांच्या सोबतीने जुने मालक परत आले आणि खंड मागू लागले. अमेरिकेच्या पैशाने पोसलेली बंदूक त्या शेतकऱ्याला प्रथम दिसली ती जमीनमालकाच्या पाठीशी उभी असलेली दिसली. कुंपणच शेत खाऊ लागले म्हणतात, ते हेच.

वर मार्शल योजनेतील स्वतंत्र खात्याची व्यवस्था सांगितली आहे. तीच व्यवस्था दक्षिण व्हिएतनाममध्येही होती. अमेरिका डॉलर देई, व्यापारी माल आयात करून स्थानिक चलन भरत, आणि ते चलन सरकारी खात्यात साठे. पण फ्रान्समध्ये त्या पैशातून रेल्वे आणि वीज उभी राहिली, आणि दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावमध्ये त्याचा मोठा भाग सैन्य व पोलीस यांच्या पगारात गेला. सरकारला आपल्या शेतकऱ्याकडून कर घेण्याची आणि म्हणून त्याचे ऐकण्याचीही गरज राहिली नाही. तिजोरी वॉशिंग्टनहून भरत होती, तर गावाकडे पाहायचे कशाला?

१९६२ पासून शेतकऱ्यांना त्यांच्या वाड्यावस्त्यांतून उठवून काटेरी तारांच्या आतल्या 'सुरक्षित' वस्त्यांत नेण्यात आले. त्यांच्यासाठी शाळा, दवाखाना, बियाणे असे सगळे देण्याचे ठरले होते. पूर्वजांच्या थडग्यांपासून आणि भातखाचरांपासून उचलून नेलेल्या माणसाला ते दान वाटले नाही. एप्रिल १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी मेकाँग खोऱ्याच्या विकासासाठी १०० कोटी डॉलरची तयारी दाखवली, पण त्याच महिन्यांत बॉम्बफेकही चालू होती. १९६७ मध्ये तर गावविकासाची सगळी कामे लष्करी सेनापतीच्या हाताखाली एका यंत्रणेत गोळा करण्यात आली. १९६८ मध्ये पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक तेथे होते. कसणाऱ्याला जमीन देणारा खरा कायदा दक्षिण व्हिएतनाममध्ये मार्च १९७० मध्ये आला. तो चांगला होता, त्याने लाखो कुळांना जमीन मिळाली, पण तोवर पंधरा वर्षे हातची गेली होती. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडले. अठ्ठावन्न हजारांवर अमेरिकी सैनिक मेले, आणि व्हिएतनामी माणसे किती पटींनी मेली याचा विचार करताना मन बधिर होते.

एक गोष्ट आपल्या भागासाठी सांगून ठेवतो. हेच लाडेजिन्स्की उतारवयात भारतात होते आणि १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या दुष्काळी मुलखात फिरून त्यांनी खडी फोडणाऱ्या माणसांविषयी लिहिले. १९५४ साली याच माणसाला अमेरिकी कृषी खात्याने सुरक्षेच्या दृष्टीने अविश्वासू ठरवून कामावरून काढले होते. साम्यवादाच्या मुळावर घाव घालण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग ज्याला ठाऊक होता, त्याच्यावरच त्याच्या सरकारने संशय घ्यावा, याची मला खंत वाटते.

एक यंत्रमागधारक, पूर्व भाग, सोलापूर : पाकिस्तानला अमेरिकेने पॅटन रणगाडे दिले ते म्हणे रशियाला अडवण्यासाठी. ते खेमकरणला आपल्यावर कसे चालून आले?

उत्तर : कारण शस्त्र देणाऱ्याचा शत्रू आणि घेणाऱ्याचा शत्रू एकच असतो असे नाही. मे १९५४ मध्ये अमेरिका आणि पाकिस्तान यांचा लष्करी मदतीचा करार झाला, त्याच वर्षी पाकिस्तान आग्नेय आशियाच्या संरक्षण गटात आणि पुढच्या वर्षी बगदाद करारात सामील झाला. वॉशिंग्टनला साम्यवादाविरुद्धची भिंत बांधायची होती, रावळपिंडीला काश्मीर हवे होते. ही शस्त्रे भारताविरुद्ध वापरली गेल्यास आपण ते खपवून घेणार नाही, अशी ग्वाही अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी फेब्रुवारी १९५४ मध्येच पंडित नेहरूंना पत्राने दिली होती. सप्टेंबर १९६५ च्या युद्धात खेमकरणजवळच्या असल उत्तर गावाच्या उसाच्या आणि चिखलाच्या रानात ते रणगाडे आले. जीपवरच्या तोफेने त्यांना टिपणारे अब्दुल हमीद परमवीरचक्राचे मानकरी झाले. अमेरिकेने तेव्हा दोन्ही देशांची लष्करी मदत थांबवली. परिणाम असा झाला, की पाकिस्तान रणगाड्यांसाठी आणि विमानांसाठी साम्यवादी चीनकडे गेला. भिंतीची वीट शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसली.

याच्या उलट १९६२ च्या शरद ऋतूत चीनने आपल्यावर आक्रमण केले, तेव्हा अमेरिकेने तातडीने शस्त्रे पाठवली, हेही आपण विसरू नये. पण मे १९६४ मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण आधुनिक लढाऊ विमानांच्या मागणीसाठी वॉशिंग्टनला गेले, तेव्हा ती मागणी मान्य झाली नाही. त्याच दौऱ्यात नेहरूंच्या निधनाची बातमी आली आणि त्यांना परतावे लागले. भारताच्या आकाशात पुढे सोव्हिएत मिग विमाने वाढत गेली, ती काही आपल्याला साम्यवाद आवडला म्हणून नव्हे.

एक निवृत्त शिक्षिका, बार्शी : आमच्या घरी अजून एक पत्र्याचा डबा आहे. त्यावर दोन हातांच्या हस्तांदोलनाचे चित्र आहे आणि खाली इंग्रजीत अमेरिकी जनतेची भेट असे लिहिले आहे. शाळेत आलेल्या तेलाचा तो रिकामा डबा आईने मागून आणला आणि त्यात वर्षानुवर्षे ज्वारीचे पीठ ठेवले. लाल गहूही आठवतो. ती खरोखर भेट होती का, की राजकारण होते?

उत्तर : बाई, आपले पत्र वाचून मी बराच वेळ तसाच बसलो होतो. रेशनच्या रांगेत आईबरोबर उभे राहिल्याची आणि तो गहू भाकरीच्या मुलखात कसा संपवायचा यावर बायकांची चाललेली चर्चा ऐकल्याची आठवण माझीही आहे.

दोन्ही होते, आणि ते वेगळे करून दाखवता येते. शाळेत आलेले तेल आणि दुधाची भुकटी ही देणगी होती. रेशनचा गहू मात्र फुकट नव्हता. जुलै १९५४ मध्ये अमेरिकेने आपल्या कोठारांत साठलेले जादा धान्य परदेशांना स्थानिक चलनात विकण्याचा कायदा केला, त्यालाच आपण पीएल-४८० म्हणतो. भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. १९६० मध्ये अन्नमंत्री स. का. पाटील यांनी चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ आणण्याच्या करारावर आयसेनहॉवर यांच्यासह सही केली. आपण रुपयांत किंमत मोजत होतो आणि ते रुपये भारतातच अमेरिकेच्या नावावर साठत होते. त्यांतला बराच भाग आपल्याच विकासकामांसाठी कर्जाऊ मिळे. डॉलर वाचले, पोटे भरली. अमेरिकी शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळाले. उपाशी भारत कम्युनिस्ट होईल ही धास्ती तर होतीच, आणि ती त्यांच्या संसदेतील भाषणांत उघडपणे बोलली जात होती. मला त्यात गैर वाटत नाही. भुकेल्याला जेवू घालण्यामागे स्वार्थ असला तरी पोटात गेलेला घास घासच असतो.

खरे दुखणे पुढे सुरू झाले. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६५ च्या उन्हाळ्यानंतर अध्यक्ष जॉन्सन यांनी लांब मुदतीचे करार बंद करून हात आखडता घेतला, आणि जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशोबाने सोडण्याचा निर्णय स्वतःच्या टेबलावर ठेवला. भारताने शेतीकडे अधिक लक्ष द्यावे, हा त्यांचा आग्रह योग्य होता. आपले कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांचेही तेच मत होते आणि त्यांनी १९६६ मध्ये १८,००० टन मेक्सिकन गव्हाचे बियाणे आणवून ते प्रत्यक्षात आणले. पण भारताने उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बफेक थांबवण्याची भाषा केली, ती जॉन्सन यांना झोंबली, आणि बिहार दुष्काळात होरपळत असताना धान्याची जहाजे त्या रागाला बांधली गेली. त्या वर्षी आपण सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणले. बंदरात उतरलेला गहू थेट रेशन दुकानात जात होता, मध्ये साठा असा नव्हताच. अशा वेळी उद्याचे जहाज येणार की नाही, हे सातासमुद्रापलीकडच्या एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून राहिले.

त्या वेळी देशाचा जो अपमान झाला, तो सगळ्यांच्या मनात खोल रुतला. दहा वर्षे धान्य देऊन जी माया कमावली होती, ती दोन वर्षांच्या आडमुठेपणाने आटली. सोव्हिएत संघाने आपल्याला त्याच्या तुलनेत मूठभरच दिले होते, पण भिलाईची धगधगती भट्टी लोकांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. आणि बोकारोचा पोलाद कारखाना सरकारी असल्यामुळे अमेरिकी काँग्रेसने त्याला पैसा देण्यास विरोध केला, तेव्हा तोही रशियाच्या मदतीने उभा राहिला. मार्शल योजनेत युरोपीय देशांना स्वतःची योजना स्वतः करू दिली होती. आपल्याला ती मोकळीक मिळाली नाही.

पैशाचा शेवटचा हिशोब मात्र उदारपणे झाला, हे सांगितले पाहिजे. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे राजदूत डॅनियल मॉयनिहान यांनी साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या हाती दिला, म्हणजे ती रक्कम सोडून दिली.

जाता जाता, आपण पत्राच्या शेवटी विचारलेल्या काँग्रेस गवताविषयी. ते पीएल-४८० च्या गव्हातून आले, असे आपल्याकडे ठामपणे सांगितले जाते. पुण्यात त्याची नोंद १९५५ च्या सुमारास झाली आणि या कायद्याखालील पहिला करार १९५६ चा आहे, त्यामुळे निदान त्या गव्हावर तरी हा आरोप सहज टाकता येत नाही. तो डबा मात्र जपून ठेवा.

एक महाविद्यालयीन विद्यार्थी, अक्कलकोट : आता अमेरिकेने आपली मदतसंस्थाच बंद केली. मग या सगळ्या चर्चेचा उपयोग काय?

उत्तर : केनेडी यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेली ती संस्था, म्हणजे यूएसएड, २०२५ च्या जुलैत गुंडाळून उरलेले काम परराष्ट्र खात्याकडे देण्यात आले, हे खरे. पण रिकामी जागा रिकामी राहत नाही. श्रीलंकेतील आणि आफ्रिकेतील बंदरे, रस्ते, रेल्वे यांच्यासाठी आज चीन कर्ज देतो, आणि आपला देशही शेजाऱ्यांना मदत देतो. उद्या आपण परराष्ट्र सेवेत गेलात, तर देणाऱ्याच्या खुर्चीत आपणच बसलेले असाल, तेव्हा बोकारो आणि बिहार आठवावेत.

एक वाचक, सोलापूर : आपल्या डॉ. कोटणिसांनी चीनमध्ये कम्युनिस्टांच्या सैनिकांवर उपचार केले. साम्यवादाला मदतीने अडवावे असे आपण म्हणता, मग सोलापूरचा हा सुपुत्र तर उलट दिशेने गेला. हे आपण कसे बसवता?

उत्तर : प्रश्न अवघड आहे आणि आपण तो आदराने विचारला आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. मला ते बसवायचे नाही.

द्वारकानाथ कोटणिस १९३८ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले, ते जपानच्या आक्रमणाखाली भरडल्या जाणाऱ्या चीनच्या मदतीला गेले. त्या वेळी चीनचे राष्ट्रवादी सत्ताधारी च्यांग कै-शेक आणि कम्युनिस्ट दोघेही जपानशी लढत होते. पुढे कोटणिस उत्तरेत कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, शेवटच्या वर्षी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच गेले. त्यांच्याजवळ शस्त्रक्रियेची हत्यारे होती. त्यांच्यामागे कोणाची फौज नव्हती आणि तिजोरीही नव्हती.

त्याच चीनमध्ये महायुद्धानंतर अमेरिकेने च्यांग कै-शेक यांच्या सरकारला सुमारे २०० कोटी डॉलरची मदत दिली, असे तिच्याच परराष्ट्र खात्याने ऑगस्ट १९४९ मध्ये जाहीर केले. शांघायमध्ये नोटांची किंमत कागदाइतकीही राहिली नव्हती, अधिकारी रसद विकून खात होते, शेतकऱ्याच्या मुलांना दोरीने बांधून भरतीला नेले जात होते. अमेरिकी बंदुका फलटणींच्या फलटणींसह कम्युनिस्टांच्या हाती पडल्या. या सरकारवर त्याच्याच लोकांचा विश्वास उरला नव्हता, आणि तो विश्वास बाहेरून धाडता येत नव्हता. मागील अंकात मी लिहिले त्यात ही बाजूही राहिली होती : तेथे डॉलर आणि शस्त्रे दोन्ही होती, आणि दोन्ही वाया गेली.

कोटणिसांच्या सेवेमुळे १९६२ चे युद्ध टळले नाही, हेही आपल्या मनात असेल. ते टळणार नव्हते. सरकारे उपकार स्मरून सरहद्दी आखत नाहीत. मात्र त्या युद्धानंतरही चिनी नेते भारतात आले की कोटणिस कुटुंबीयांची भेट घेत राहिले, आणि शिजियाझुआंगला त्यांची समाधी आजही सांभाळली जाते. आपल्या भैया चौकातले त्यांचे घर आता स्मारक आहे. आपण ते पाहिले नसेल, तर एकदा सवडीने जाऊन यावे.